भाव तोच ना?

रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं कुसुमकाकूंचं शिलाईचं दुकान या दिवाळीनंतर राहणार की बंद होणार, हे मी लिहायला बसले तेव्हा ठरलेलं नाही. जागा विकली गेली, नव्या मालकानं भाडं दुपटीच्या वर मागितलं आणि दिवाळीपर्यंत मुदत दिली. माणूस वाईट नाही, मुदत दिली हेच खूप. काकू बहात्तर वर्षांच्या. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही. दुकान सुटलं तर राजनांदगावला पुतण्याकडे जाऊन राहायचं. पुतण्यानं स्वच्छ सांगितलं आहे की काकू या, पण मशीन नका आणू, जागा नाही. काकूंना पुतण्याच्या घराची भीती नाही. बिनमशीनचं नुसतं बसून राहायची भीती आहे.

हे अगोदरच सांगून टाकते, कारण यात माझा हात आहे. संपादकांनी मला नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या होत्या. गमती आहेत, त्या येतील मधे मधे. पण साठी उलटली की माणसाला गमतींपेक्षा चुका जास्त आठवतात, आणि मला तर सध्या एकच आठवते.

माझं काम भाव विचारायचं. एका सरकारी खात्यात अठ्ठावीस वर्षं मी एवढंच केलं. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दुकानात जायचं, ठरलेल्या वस्तूचा भाव विचारायचा, फॉर्मात लिहायचा आणि पुढच्या दुकानात. महागाई इतकी वाढली, तितकी उतरली असं पेपरात छापून येतं ना, ते असल्याच फॉर्मांवरून निघतं. घरी सांगितलं तेव्हा माझे वडील म्हणाले होते, "भाव तर तुझी माय बी विचारते, तिले कोनी पगार देत नाही." वडील रेल्वेत होते, कामाची व्याख्या त्यांची पक्की होती.

गोल बाजारात माझं नाव पडलं 'भाववाली दीदी'. हे तोंडावरचं. मागून काय म्हणत ते वेगळं. एक भांडीवाला दर महिन्याला म्हणे, "दीदी, इतने साल से पूछ रही हो, एक लोटा तो ले जाओ." रिटायर झाले त्या आठवड्यात मी गेले आणि खरंच लोटा घेतला. त्यानं मला फॉर्मासाठी सांगितलेल्या भावापेक्षा वीस रुपये जास्त लावले. वर म्हणतो, "वो सरकार का भाव था दीदी, ये आपका है." तेव्हा मी हसले होते. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, भाव विचारण्यात काय एवढं. एक तर दुकानदार खरं सांगत नाही. कापडवाले सेठजी मला टॅक्सवाली समजून पहिली दोन वर्षं प्रत्येक साडीचा भाव असा सांगत की त्या भावात सुती रुमालही येऊ नये. मग मी एक करायला लागले. खऱ्या गिऱ्हाइकाच्या मागं उभं राहायचं, पदर सावरल्यासारखं करायचं आणि ऐकायचं. ज्या आकड्याला माणूस खिशात हात घालतो तो खरा, बाकी सगळं बोलणं.

दुसरं म्हणजे वजन. भाजीवाली लाल भाजीची जुडी दहाला देते. पुढच्या महिन्यात दहालाच देते. वर्षानंतरही दहालाच. म्हणजे भाजी महाग झाली नाही? मी पिशवीत एक ताणकाटा ठेवत असे. जुडी विकत घ्यायची आणि काट्याला लटकवायची. भाव तोच असतो, जुडी बारीक झालेली असते. हे मी नव्या मुलींना ट्रेनिंगमध्ये दाखवत असे, आणि दाखवताना मला माझं फार कौतुक वाटत असे.

दर काही वर्षांनी नेहमीच्या यादीबरोबर एक दुसरी यादी यायची. ती परदेशांची. त्याच वस्तू एकाच वेळी कितीतरी देशांत विचारल्या जात. वस्तू हुबेहूब तीच पाहिजे. नुसता शर्ट नाही चालत. पुरुषाचा, सुती, पूर्ण बाहीचा, एका खिशाचा, सोबत रंगीत फोटो. एकदा त्या यादीत माकुळ, म्हणजे स्क्विड, निघालं. रायपूरपासून समुद्र कुठे आणि आम्ही कुठे. तरी नियम तो नियम म्हणून मी मासळी बाजारात फोटो घेऊन फिरले. एका कोळिणीनं फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "येला कोन खाही?" हे कोण खाणार, याचं उत्तर फॉर्मात लिहायची सोय नव्हती. मी 'उपलब्ध नाही' लिहिलं आणि घरी आले.

ही यादी कशासाठी, ते सांगते. आपल्याकडे लोक तिकडचा पगार ऐकतात, डॉलरच्या भावानं गुणतात आणि तोंडात बोट घालतात. त्या पैशात तिकडं येतं काय, हे कुणी विचारत नाही. ते विचारायचं काम आमचं. तिकडं एका डॉलरात जेवढं सामान येतं, तेवढंच सामान आपल्याकडे किती रुपयांत येतं हे काढायचं. बँक जो दर सांगते त्यापेक्षा हा आकडा बराच खाली निघतो, कारण आपल्याकडे बरंच काही स्वस्त आहे. माझी मुलगी मृणाल कॅनडात असते. आमच्या फोनवर अर्धा वेळ भावच चालतात, सवय माझीच लागली तिला. मोबाइल तिकडं स्वस्त, इथं महाग, कारण वर कर बसतो. औषधाचं उलटं. पुस्तक तेच, पण आपल्याकडच्या प्रतीवर छापलेलं असतं की याच भागात विकायचं, कारण कंपनीला आपला खिसा ठाऊक आहे. म्हणजे गोल बाजारातले सेठजी गिऱ्हाइकाचं तोंड पाहून भाव सांगतात, कंपन्या देशाचं तोंड पाहून सांगतात. त्यात कर, दुकानाचं भाडं, विजेचं बिल हे सगळं आलंच.

तरीपण जे सामान जहाजात चढतं त्याच्या भावात फार मोठा फरक जास्त दिवस टिकत नाही. कुणी ना कुणी स्वस्तातून उचलून महागात नेऊन विकतो. फरक टिकतो तो हाताच्या कामात. केस कापणं, पंक्चर काढणं, पँट आखूड करणं. इथली पँट टोरांटोत जाईल, पण टोरांटोचा माणूस पँट आखूड करायला तात्यापाऱ्यात येणार नाही. (एक अपवाद आहे, तो पुढे येईल.) म्हणून इथं हाताचा भाव इथल्या पगारावर ठरतो आणि तिकडं तिकडच्या. हात तोच, सुई तीच, वेळ तेवढाच लागतो. परदेशाच्या यादीत म्हणूनच असली कामं फार महत्त्वाची असत. त्यात एक होतं: पुरुषाची पँट खालून आखूड करणे, हाताची तुरपाई. त्यासाठी मला दुकान हवं होतं, आणि मी कुसुमकाकूंकडे गेले.

अकरा वर्षं झाली त्याला. दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खोली, दोन मशिनी, एक पिको-फॉलची, एक साधी. काकू साध्या मशीनवर होत्या आणि पिकोवर एक बाई बसली होती. मी ओळख दिली. लिहिताना मी मला-तुला लिहिते, पण बोलताना आमच्याकडे सगळे मले-तुलेच बोलतात, मीही.

"कोनाकडून आली म्हनलं?" काकूंनी विचारलं.

"सरकारकडून. तुमचा भाव लिहायले."

"पँट आखूड करायचे तीस. लिही बाप्पा."

मी लिहिलं. पुढे महिन्याच्या यादीतही तेच दुकान लावून घेतलं, कारण माझ्या दुसऱ्या शुक्रवारच्या फेरीत ते सगळ्यात शेवटचं येत असे आणि काकू बसायला स्टूल देत. दिवसभर वीस-बावीस दुकानांत उभं राहिल्यावर ते स्टूल म्हणजे काय असतं, ते ज्याच्या टाचा दुखतात त्याला विचारा. चहा यायचा. काकू माझे ब्लाउज शिवायच्या, आमच्या ह्यांच्या पँटी आखूड करायच्या. फॉर्ममधल्याच भावात, अर्थात. मला बरंच वाटायचं.

आता ऐका. ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात की दुकानदाराला मागचा भाव सांगायचा नाही. 'काय भाव?' एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. 'तोच ना?' असं विचारलं की समोरचा हो म्हणतो आणि मोकळा होतो. हे मी दुसऱ्यांना शिकवलं आहे, बोट उगारून शिकवलं आहे. आणि दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी, स्टुलावर बसून, चप्पल काढून, पेन उघडत मी म्हणायची, "भाव तोच ना, काकू?"

"हव, तोच," काकू म्हणायच्या.

आठ वर्षं. मी रिटायर होईपर्यंत.

एका वर्षी पिकोवर बसणारी बाई दिसेनाशी झाली. काकू म्हणाल्या, तिले जमत नव्हतं. मग पिकोची मशीनही गेली. जागा मोकळी झाली म्हणाल्या. मग चहा अर्धा कप झाला, मग माझ्या एकटीचाच येऊ लागला, काकू म्हणायच्या, मी आत्ताच घेतला. डोळ्यांचं ऑपरेशन डॉक्टरनं सांगितलं होतं, ते पुढच्या हिवाळ्यावर, मग त्याच्या पुढच्या. हे सगळं मी त्या स्टुलावर बसून पाहिलं आणि फॉर्मात तीस लिहिलं. लाल भाजीची जुडी मी काट्याला लावून पाहत होते, काकूंकडे नुसती बसत होते.

मधे एकदा ऑफिसातून फॉर्म परत आला. आमचे साहेब, देवांगन, बारीक नजरेचे. त्यांनी तीसच्या बाजूला लाल पेनानं लिहिलं होतं की इतकी वर्षं भाव हललेला नाही, पुन्हा तपासा. मी त्याच दुकानात जाऊन त्याच स्टुलावर बसून विचारलं, "काकू, भाव तोच आहे ना, नक्की?" काकू माझ्याकडे पाहून थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "नक्की व. तोच." मी लिहिलं, 'खात्री केली'. खोटं नव्हतं ते. गिऱ्हाइकं खरंच तीसच देत होती, मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

यंदा पावसाळ्याच्या शेवटी मृणाल आली. बॅगेत जावईबापूंच्या सहा पँटी. तिकडं सेल लागला की हे लोक पँटी उचलतात, आणि जावयाची उंची तिकडच्या पँटीला पुरत नाही. आखूड करायला टाकली तर त्या पैशात तिकडं दुसरी पँट येते. म्हणून सहा पँटी विमानातून तात्यापाऱ्यात आल्या. वर म्हटला तो अपवाद हाच. मी माझ्या नोकरीतली सगळी अक्कल तिला फोनवर शिकवलेली, तिनं ती अशी वापरली.

काकूंनी पँटी आठ दिवसांत करून ठेवल्या. आम्ही दोघी आणायला गेलो. तेव्हाच भाड्याची गोष्ट कळली. काकू पुतण्याचं, मशीनचं सगळं सांगत होत्या, पण रडगाणं म्हणून नाही, जसं पाव्हण्यांची खबर सांगावी तसं.

"कितने हुए, आजी?" मृणालनं पर्स उघडली.

"सहाचे एकशे ऐंशी."

"एका पँटचे ना?"

"साऱ्याचे बेटा. तीस तीस."

मृणालनं माझ्याकडे पाहिलं. मग दोन मोठ्या नोटा काढून काकूंच्या हातात ठेवायला गेली. काकूंनी हात मागं घेतला.

"नाही बेटा. जास्त घेता येत नाही मले. सरकारी भाव आहे तो."

"सरकारी?"

"हव. तुझ्या आईनंच तं लावून देला."

मला आधी वाटलं, काकू गंमत करून राहिल्या. मग कळलं की नाही. मी म्हटलं, "काकू, मी कधी लावून दिला?"

"काहून? दर महिन्याले येऊन विचारत नोती, तोच ना म्हनून? एकदा मी पन्नास करनार होती. बाजूच्यानं केले होते. तू आली, फॉर्म काढला, म्हनली तोच ना. मले वाटलं सरकार पाहून राहिलं. मी म्हनलं, हव बाप्पा, तोच. लिहून नेल्यावर मंग कसा वाढवू? दुसऱ्या दिवशी कोनी आलं तपासाले तं?" आणि मग थोड्या हसल्या. "गिऱ्हाइकं बी म्हनत, काकू वाढवा. मी म्हनो, माहा भाव दिल्लीले जाते. तिथून परदेशात जाते. तो असा कोनालेबी वाढवता येत नाही."

त्यांना अभिमान होता त्याचा, हे मला जास्त लागलं. लाज वाटली, अशी की मुलीसमोर मान वर करता येईना. लोट्याच्या दुकानदाराला दोन भाव असतात हे कळत होतं. काकूंनी एकच ठेवला, आणि तो माझ्यासाठी ठेवला.

मी सांगितलं. सरकार तुमचा भाव लावत नाही, फक्त विचारते. तुम्ही उद्या पाचशे म्हटलं तरी आम्ही गुपचूप पाचशे लिहून नेतो. कुणी तपासायला येत नाही, कुणी दंड करत नाही. देशभरातल्या हजारो भावांत तुमचा एक, त्यानं देशाच्या हिशोबात कणभर फरक पडत नाही. फरक एकट्या तुम्हाला पडला.

काकूंनी ऐकून घेतलं. सुईत दोरा घालायचा होता, तो काही जाईना, शेवटी सुई ठेवून दिली. "मंग आठ वर्षं तू मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही कधी विचारलं नाही काकू," मी म्हटलं. आयुष्यभर विचारण्याचा पगार घेतलेल्या बाईनं द्यावं असं हे उत्तर नव्हतं. मृणाल मला रस्त्यात म्हणाली, "आई, ये क्या बोल दिया आपने."  ती चार दिवसांनी परत गेली.

मी पुन्हा पिशवी काढली. तीच जुनी, पेनाचे डाग पडलेली. तात्यापारा, गोल बाजार, थेट तेलीबांध्याच्या नव्या दुकानांपर्यंत गेले आणि प्रत्येक शिलाईवाल्याला नियमानं विचारलं, पँट आखूड करायचा काय भाव, आणि गप्प बसले. साठ, सत्तर, ऐंशी, ऐंशी. तेलीबांध्याला काचेच्या दारामागं एकानं दीडशे सांगितले. त्याच्या दाराचं भाडंच तेवढं असावं. कागद नेऊन काकूंसमोर ठेवला.

"मंग मी किती लावू?" काकूंनी विचारलं.

"ते मी नाही सांगणार."

"तू तं भाववाली आहे."

"विचारणारी आहे काकू. सांगणारी नाही. एकदा सांगितला तेवढा पुरे झाला."

काकू चिडल्या. गिऱ्हाईक पळालं तर तू आणून देशील का म्हणाल्या. मी म्हटलं नाही आणू शकत. खरंच होतं ते. भाव वाढवला तर भाडं निघेल की नाही याचा अंदाज मी तीन वेळा घरी करून पाहिला, आणि तीनही वेळा काठावर येऊन थांबला. दिवाळीची शिलाई जोरात आली तर निघेल. नाही आली तर नाही. अठ्ठावीस वर्षं भाव लिहूनही मला याच्यापुढचं सांगता येत नव्हतं.

या महिन्याचा दुसरा शुक्रवार आला. तो दिवस मला कॅलेंडर पाहून लक्षात ठेवावा लागत नाही, टाचांनाच आठवतो. मी ब्लाउजपीस घेऊन दुपारीच काकूंकडे जाऊन बसले. काकूंना काही म्हटलं नाही, पण त्यांनाही माहीत होतं. मृणालला फोनवर मी वचन दिलं होतं की मधे बोलणार नाही.

चारच्या सुमारास माझ्या जागेवर आलेली नेहा आली. मीच तिला शिकवलं. घरात मराठी, बोलते हिंदी, काम मन लावून करते. आता फॉर्म नाही, टॅब असतो, आणि त्या टॅबमध्ये मागच्या महिन्याचा भाव आधीच भरून येतो. मला पाहून तिला आनंद झाला. दारातच उभी राहून टॅबकडे बघत म्हणाली, "नमस्ते काकू. वही है ना, तीस?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोऱ्यांच्या रिळांकडे पाहत राहिले. मशीन थांबली होती. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायला किक मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती.

"नाही," काकू म्हणाल्या. "ऐंशी."

"अस्सी?" नेहानं मान वर केली. "पँट का?"

"हव. पँटचे ऐंशी. लिही."

नेहानं भरलं तशी टॅबवर लाल चौकट आली. इतकी वाढ टॅबला पटेना, कारण मागू लागला. नेहा वाचू लागली, "कच्चा माल? टॅक्स? सीझन? क्वालिटी चेंज?" काकू प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होत्या. हातात तीच सुई, तोच दोरा. "फिर अदर में डालती हूँ," नेहा म्हणाली. "क्या लिखूँ?"

वचन मी तिथं मोडलं. "लिख, पहले पूछने में गलती हुई थी."

"किसकी, मैडम?"

"मेरी."

तिनं खाली मान घालून टाइप केलं. मी सावकाश सांगितलं, "नेहा, अगले महीने तीस या अस्सी, कुछ मत बोलना. बस पूछना, क्या भाव." ती म्हणाली, "टॅब में तो दिखता है ना मैडम." मी म्हटलं, "टॅबला दिसू दे. तू नको बघू." ती जी म्हणाली. ऐकेल की नाही, देव जाणे. बावीस दुकानं तिलाही आहेत आणि टाचा तिलाही आहेत.

ती गेल्यावर काकूंनी विचारलं, "आता हे दिल्लीले जाईल?"

"जाईल."

"अन् परदेशात?"

"ती यादी आली की तिकडेही जाईल."

"परवा दोघं जन परत गेले," काकू म्हणाल्या. "ऐंशी ऐकून. त्यातला एक आज आला वापस." हे त्यांनी सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे. दुकान राहील असं मी कुणाला लिहून देऊ शकत नाही. आणि राहिलं तरी ती पिकोची मशीन, ती बाई, डोळ्यांचे ते हिवाळे परत यायचे नाहीत.

मी ब्लाउजपीस पुढं केला आणि पहिल्यांदा नीट विचारलं. "काकू, ब्लाउजचा भाव काय?"

काकूंनी कापड हातात घेऊन पोत चाचपला.  "साडेतीनशे," म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत पुढं म्हणाल्या, "तुले बी."

"बरं."

मग नेहमीसारखं कापडाच्या कोपऱ्यात खडूनं माझं नाव लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं, "माप जुनंच ना?"

"नाही काकू," मी म्हटलं. "टेप लावा."

"मंग ऊठ," काकू म्हणाल्या. मी स्टुलावरून उठले.